वऱ्हाडातील भाषांचा शब्दक्रम

वाक्यातील पदे कोणत्या क्रमाने मांडली जातात, त्या मांडणीला शब्दक्रम किंवा पदक्रम असे म्हणतात. कर्ता, कर्म आणि क्रियापद यांचा परस्परक्रम, विशेषण व विशेष्य यांचे स्थान, नकार व प्रश्नवाचक शब्दांची जागा आणि मुख्य व गौण वाक्यांची मांडणी या सर्व बाबींचा समावेश शब्दक्रमाच्या अभ्यासात होतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील वऱ्हाड प्रदेशात, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांत आणि त्यांच्या लगतच्या भागात बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या आधारे शब्दक्रम व अर्थ यांचा संबंध मांडला आहे.

वऱ्हाड म्हणजे आजचा अमरावती महसूल विभाग असून त्यात अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. या प्रदेशात मराठीची वऱ्हाडी बोली, हिंदी, दखनी-उर्दू व बंजारा समाजाची गोरमाटी या भारतीय-आर्य भाषा, मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा भाषा, कोलामी व गोंडी या द्राविड भाषा आणि कोणत्याही ज्ञात भाषाकुळात न बसणारी निहाली भाषा बोलली जाते. उगम इतके भिन्न असूनही या सर्व भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे हा प्रदेश शब्दक्रमाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचा ठरतो.

वर्गीकरण

कर्ता, कर्म व क्रियापद या तीन घटकांचे गणिताने सहा क्रम संभवतात. जगातील भाषांत हे सहाही क्रम आढळतात, मात्र त्यांचे प्रमाण अत्यंत असमान आहे. मॅथ्यू ड्रायर यांनी ‘वर्ल्ड ॲटलस ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’ या प्रकल्पासाठी सुमारे १,३७५ भाषांची पाहणी केली. तीत सुमारे ४१ टक्के भाषांत कर्ता-कर्म-क्रियापद हा क्रम, तर सुमारे ३५ टक्के भाषांत कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम प्रधान असल्याचे दिसते. मराठी, हिंदी, तेलुगू, तुर्की व जपानी या पहिल्या गटातील, तर इंग्रजी, चिनी व ख्मेर या दुसऱ्या गटातील भाषा होत. आयरिश भाषेत क्रियापद प्रथम येते. मादागास्करमधील मलागासी भाषेत क्रियापद, कर्म व शेवटी कर्ता असा क्रम आहे. ब्राझीलमधील हिश्कारियाना भाषेत कर्म प्रथम येते व कर्ता शेवटी येतो.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९६३ मध्ये ३० भाषांच्या आधारे ४५ सार्वत्रिक नियम मांडले. कर्ता-कर्म-क्रियापद असा क्रम असलेल्या भाषांत संबंधदर्शक शब्द बहुधा नामानंतर येतात, हे त्यांपैकी एक निरीक्षण होय. मराठीतील ‘घरावर’, ‘झाडाखाली’, ‘गावापासून’ ही रूपे याच प्रकारची आहेत. इंग्रजीत हेच शब्द नामापूर्वी येतात.

भारतीय परंपरेतील विचार

भारतीय व्याकरण, मीमांसा व साहित्यशास्त्र या तिन्ही शास्त्रांत शब्दक्रमाचा विचार आढळतो. संस्कृतमध्ये विभक्तिप्रत्ययांमुळे पदांचे संबंध स्पष्ट होत असल्याने क्रम बराच मोकळा आहे. ‘भांडे आण’ व ‘आण भांडे’ अशा दोन्ही मांडण्यांतून एकच संबंध कळतो, या आशयाचे उदाहरण पतंजलीने महाभाष्यात दिले आहे.

वाक्यार्थाचे ज्ञान होण्यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी आवश्यक मानल्या गेल्या. एका पदाला दुसऱ्या पदाची अपेक्षा असणे म्हणजे आकांक्षा, त्यांच्या अर्थांचा मेळ बसणे म्हणजे योग्यता आणि पदे एकमेकांजवळ उच्चारली जाणे म्हणजे संनिधी. क्रम मोकळा असला, तरी सामीप्य अनावश्यक नाही, असे या तिसऱ्या अटीवरून दिसते.

ज्याच्याविषयी बोलायचे ते उद्देश्य आणि त्याच्याविषयी जे सांगायचे ते विधेय. उद्देश्य आधी व विधेय नंतर हा सर्वसाधारण संकेत आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीतील पहिल्याच सूत्रात हा क्रम उलटलेला असून संज्ञा आधी व संज्ञेने दर्शविलेले वर्ण नंतर आले आहेत. ग्रंथारंभी मंगलवाचक शब्द यावा म्हणून असे केले, असे स्पष्टीकरण महाभाष्यात दिले आहे. मम्मटाच्या काव्यप्रकाशात ‘अविमृष्टविधेयांश’ नावाचा दोष सांगितला आहे. सांगायची मुख्य गोष्ट समासात किंवा गौण जागी दडपली गेल्यास हा दोष होतो.

पद्याचा अर्थ लावताना शब्द गद्यक्रमाने जुळवून घेण्याच्या पद्धतीला अन्वय असे म्हणतात. शाळांमधून कविता शिकवताना ही पद्धत मराठीतही वापरली जाते.

मराठीतील मूळ क्रम

मराठीचा सर्वसाधारण क्रम कर्ता-कर्म-क्रियापद असा आहे. मात्र विभक्तिप्रत्यय व क्रियापदाची लिंग-वचनानुसार बदलणारी रूपे यांमुळे पदे हलवता येतात. ‘रामाने गणपतला बोलावले’ या वाक्यातील तीन पदांच्या सहाही मांडण्या मराठीत शक्य आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही मांडणीत बोलावणारा राम व बोलावला गेलेला गणपतच राहतो. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नसल्यामुळे नामांची अदलाबदल केली की कर्ता व कर्म यांचीही अदलाबदल होते.

मराठीतील हे स्वातंत्र्य अमर्याद नाही. निर्जीव वस्तू कर्म असेल, तर तिला सहसा प्रत्यय लागत नाही. वर्तमानकाळात कर्त्यालाही प्रत्यय नसतो. अशा वेळी दोन्ही नामांचे लिंग व वचन एकच असेल, तर क्रियापदाच्या रूपावरूनही कर्ता ओळखता येत नाही. ‘लोखंड लाकूड कापते’ या वाक्यात दोन्ही नामे नपुंसकलिंगी एकवचनी आहेत. येथे लोखंड हा कर्ता आहे, हे प्रामुख्याने त्याच्या आधीच्या जागेवरून कळते. प्रत्यय आणि रूपे जेथे निरुपयोगी ठरतात, तेथे त्यांचे काम क्रमावर येते.

क्रमबदल आणि अर्थ

क्रम बदलल्याने ‘कोणी कोणाला काय केले’ हा अर्थ मराठीत बहुधा बदलत नाही. तथापि काय आधीच ठाऊक आहे, नवीन काय सांगितले जात आहे, भर कशावर आहे आणि एखाद्या शब्दाचा अंमल कोठपर्यंत चालतो, हे क्रमावरून ठरते.

ज्ञात व नवीन माहिती

मराठीत इंग्रजीसारखी उपपदे नाहीत. त्यांचे काही काम शब्दक्रम करतो. ‘घरात साप आहे’ हे वाक्य ऐकणाऱ्याला सापाची काहीच कल्पना नसताना बोलले जाते. ‘साप घरात आहे’ या वाक्यात मात्र कोणता साप हे बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत असून तो कोठे आहे एवढेच नव्याने कळते. पहिले वाक्य सूचना देते, तर दुसरे ठिकाण सांगते. वऱ्हाडीतील ‘घरात साप हाय’ व ‘साप घरात हाय’ या वाक्यांतही हाच भेद असतो.

‘माझा भाऊ डॉक्टर आहे’ आणि ‘डॉक्टर माझा भाऊ आहे’ ही वाक्येही अशीच आहेत. पहिल्यात भावाचा व्यवसाय सांगितला आहे. दुसरे वाक्य एखाद्या विशिष्ट डॉक्टरविषयी बोलणे चालू असताना त्याच्याशी असलेले नाते सांगते. उद्देश्य व विधेय यांची जागा बदलल्याने हा फरक पडतो.

आघाताचे स्थान

ज्या घटकावर विशेष भर द्यायचा, तो मराठीत बहुधा क्रियापदाच्या लगतपूर्वी येतो. प्रश्नवाचक शब्दाची आवडती जागाही हीच आहे. ‘हे बियाणे कोणी आणले?’ या प्रश्नाचे स्वाभाविक उत्तर ‘हे बियाणे काकांनी आणले’ असे येते. ‘काकांनी हे बियाणे आणले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले, तरी ते ‘काकांनी काय आणले?’ या प्रश्नाला अधिक शोभते. तुर्की भाषेतही क्रियापदाच्या लगतपूर्वीची जागा आघातासाठी वापरली जाते.

निपातांची जागा

‘च’, ‘ही’ आणि ‘फक्त’ या शब्दांचा अंमल त्यांच्या जागेवर अवलंबून असतो. ‘मीच काल अकोल्याला गेलो’ म्हणजे दुसरे कोणी गेले नाही. ‘मी कालच अकोल्याला गेलो’ म्हणजे जाऊन फार दिवस झाले नाहीत. ‘मी काल अकोल्यालाच गेलो’ म्हणजे अन्यत्र गेलो नाही. ‘मी काल अकोल्याला गेलोच’ या वाक्यात न जाण्याची शक्यता किंवा अडचण असतानाही गेल्याचा निर्धार आहे. ‘च’ हा निपात त्याच्या आधीच्या पदाला जोडला जातो, तर ‘फक्त’ हा शब्द बहुधा त्याच्या पुढील पदावर अंमल करतो.

‘का’ आणि ‘काय’

मराठीत ‘का’ या शब्दाची जागा बदलल्याने प्रश्नाचा प्रकारच बदलतो. ‘तू का आलास?’ या प्रश्नाने कारण विचारले जाते, तर ‘तू आलास का?’ या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी किंवा नकारार्थी असते. ‘तो येतो काय?’ हा साधा प्रश्न आहे. ‘तो काय येतो!’ हे मात्र प्रश्नाचे रूप घेतलेले ठाम नकारार्थी विधान आहे. हिंदीत होय-नाही प्रकारच्या प्रश्नातील ‘क्या’ बहुधा वाक्यारंभी येतो. मराठीत त्याचे काम करणारा शब्द सामान्यतः वाक्याच्या शेवटी जातो.

नकार

मराठीत ‘नाही’ हा शब्द सामान्यतः क्रियापदानंतर येतो (‘मी जात नाही’), तर हिंदीत ‘नहीं’ क्रियापदापूर्वी येतो (‘मैं नहीं जाता’). आज्ञार्थी नकारात हा भेद अधिक ठळक होतो. हिंदीतील ‘रोको मत जाने दो’ या शब्दमालिकेत स्वल्पविराम ‘मत’च्या आधी दिला की एक अर्थ होतो आणि नंतर दिला की त्याच्या नेमका उलट अर्थ होतो. मराठीत नकारार्थी आज्ञेसाठी क्रियापदाचे रूपच बदलते. ‘थांबवू नका, जाऊ द्या’ आणि ‘थांबवा, जाऊ देऊ नका’ या दोन वाक्यांतील शब्द वेगळे असल्याने केवळ विरामाच्या जागेमुळे गोंधळ होत नाही.

नकाराचा अंमल कोठपर्यंत पोहोचतो, याबाबत मात्र मराठीतही संदिग्धता आढळते. ‘सगळे शेतकरी आले नाहीत’ या वाक्याचा अर्थ कोणीच आले नाही असा किंवा काही आले व काही आले नाहीत असाही होऊ शकतो. ‘सगळे शेतकरी काही आले नाहीत’ असे म्हटल्यास दुसराच अर्थ उरतो आणि ‘एकही शेतकरी आला नाही’ असे म्हटल्यास पहिलाच उरतो.

विशेषण व समास

विशेषण नामापूर्वी आले की ते वर्णन करते व नामानंतर आले की विधान करते. ‘काळी माती’ हा शब्दसमूह आहे, तर ‘माती काळी’ हे ‘आहे’ वगळलेले पूर्ण वाक्य होऊ शकते.

एकाहून अधिक विशेषणे असताना क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो. ‘जुन्या शाळेची इमारत’ व ‘जुनी शाळेची इमारत’ यांतील भेद सामान्यरूपामुळे कळतो. पहिल्यात शाळा जुनी आहे, दुसऱ्यात इमारत. परंतु ‘नव्या शेतकऱ्यांच्या योजना’ या शब्दसमूहात ‘नव्या’ हे रूप दोन्ही नामांशी जुळते, त्यामुळे शेतकरी नवे की योजना नव्या हे निश्चित होत नाही. ‘शेतकऱ्यांच्या नव्या योजना’ असा क्रम ठेवल्यास संदिग्धता राहत नाही.

समासात क्रम जवळजवळ पक्का असतो. ‘राजकवी’ म्हणजे राजाच्या दरबारातील कवी, तर ‘कविराज’ म्हणजे कवींमध्ये श्रेष्ठ. प्रत्यय लोप पावल्यामुळे समासातील पदांचे नाते प्रामुख्याने त्यांच्या स्थानावरून ठरवावे लागते.

वऱ्हाडी बोली

वऱ्हाडी ही मराठीची एक प्रमुख बोली आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) तिची नोंद आहे. ‘ळ’च्या जागी ‘य’ (‘डोळा’ऐवजी ‘डोया’) आणि ‘ला’ या प्रत्ययाच्या जागी ‘ले’ (‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’) ही या बोलीची ठळक वैशिष्ट्ये होत. ‘ले’ हा प्रत्यय कर्म व संप्रदान दाखवत असल्याने ‘रामानं गणपतले बोलावलं’ या वाक्यातील पदे प्रमाण मराठीप्रमाणेच मोकळेपणाने हलवता येतात.

‘-ऊन राहणे’ ही रचना

चालू क्रिया दाखवण्यासाठी वऱ्हाडीत ‘-ऊन’ प्रत्ययान्त रूपापुढे ‘राहणे’ या क्रियापदाचे रूप येते. ‘पाऊस येऊन रायला’ म्हणजे पाऊस येत आहे. ‘तू काय करून रायला?’ म्हणजे तू काय करतो आहेस. ही रचना हिंदीतील ‘कर रहा है’ या रचनेशी समांतर आहे. प्रमाण मराठीत मात्र ‘-ऊन’ हे रूप आधी संपलेली क्रिया दाखवते आणि ‘राहणे’ हे स्वतंत्र क्रियापद असते. त्यामुळे ‘बाबा जेवून राहिले’ या वाक्याचा अर्थ प्रमाण मराठीत ‘बाबा जेवले आणि मुक्कामी राहिले’ असा होतो, तर ‘बाबा जेवून रायले’ या वऱ्हाडी वाक्याचा अर्थ ‘बाबा जेवत आहेत’ असा होतो.

वऱ्हाडीत हे दोन अर्थ वेगळे ठेवण्यास शब्दक्रमाची मदत होते. ‘बाबा घरी जेवून रायले’ असे म्हटल्यास दोन्ही क्रियारूपे लगत येतात व बाबा घरी जेवत असल्याचे कळते. ‘बाबा जेवून घरी रायले’ असे म्हटल्यास मध्ये ‘घरी’ हा शब्द आल्याने ‘राहणे’ या क्रियापदाला त्याचा मूळ अर्थ परत मिळतो आणि बाबा जेवण करून घरीच थांबले असा अर्थ होतो. दोन्ही वाक्यांत शब्द तेच असून केवळ एका शब्दाची जागा बदललेली आहे. नकारवाचक शब्द मात्र या दोन रूपांच्या मध्ये येऊ शकतो. ‘समजून नाई रायलं’ म्हणजे समजत नाही. येथे नकाराची जागा हिंदीतील रचनेशी जुळते.

हिंदीशी असलेल्या या सान्निध्याला राजकीय इतिहासाचीही जोड आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ब्रिटिशांकडे गेला. १९०३ मध्ये हा प्रदेश मध्य प्रांताला जोडण्यात आला. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेश राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

प्रश्न आणि संबोधन

कारण विचारण्यासाठी वऱ्हाडीत ‘काऊन’ असा स्वतंत्र शब्द आहे. ‘तू काऊन आला?’ आणि ‘तू आला काय?’ या दोन प्रश्नांत शब्दही वेगळे व त्यांच्या जागाही वेगळ्या आहेत. त्यामुळे प्रमाण मराठीत एकाच ‘का’वर पडणारा भार येथे विभागला जातो.

‘गा’, ‘वो’, ‘बे’ हे संबोधनदर्शक शब्द बहुधा प्रश्नवाचक शब्दाच्या किंवा क्रियापदाच्या मागोमाग येतात, जसे ‘काय गा’, ‘काय वो माय’, ‘काय करून रायला बे’. ‘गा’ पुरुषाला, ‘वो’ स्त्रीला आणि ‘बे’ अतिपरिचित किंवा वयाने लहान पुरुषाला उद्देशून वापरतात. वडीलधाऱ्या व्यक्तीला ‘बे’ म्हणणे अनादराचे समजले जाते.

क्रियापदानंतर येणारी पदे

बोलण्यात क्रियापद आधी आणि कर्ता किंवा अन्य माहिती नंतर येणे सर्वच मराठी बोलींत आढळते. ‘आला काय तो?’, ‘गेलं वाहून पीक’ यांसारख्या वाक्यांत वक्ता तातडीची बाब प्रथम सांगतो. क्रियापदानंतर येणारे पद बहुधा आधीच ठाऊक असलेले असते व त्यावर आघात नसतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत वऱ्हाडी संवादांचा विपुल वापर असल्याने बोलीतील मांडणी लिखित स्वरूपात अभ्यासण्यासाठी ती उपयुक्त ठरते.

जुन्या मराठीचा पुरावा

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान असून तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची रचना येथे केली, असे मानले जाते. हा मराठीतील आद्य गद्यग्रंथांपैकी एक होय. पद्यात छंदासाठी शब्द हलवावे लागतात, म्हणून जुन्या काळातील शब्दक्रम अभ्यासण्यासाठी गद्य अधिक विश्वसनीय ठरते. लीळाचरित्रात लहान, बोलभाषेजवळची वाक्ये असून बोलणाऱ्याचा उल्लेख, त्यामागून ‘म्हणणे’ या धातूचे रूप आणि नंतर उद्गार अशी मांडणी वारंवार येते. बुलढाणा जिल्ह्यात जन्मलेले महानुभाव साहित्याचे अभ्यासक वि. भि. कोलते यांनी या ग्रंथाचे संपादन केले. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ आहे.

उद्गार सांगण्याच्या दोन पद्धती आजच्या मराठीतही आहेत. ‘उद्या येतो असे तो म्हणाला’ या वाक्यात गौण वाक्य आधी येते, तर ‘तो म्हणाला की उद्या येतो’ या वाक्यात ते नंतर येते. पहिली मांडणी द्राविड भाषांतील रचनेशी मिळतीजुळती आहे. दुसरीतील ‘की’ हा शब्द फारसीशी जोडला जातो. लांब वाक्यांत दुसरी मांडणी वाचकाला सोपी जाते, कारण मुख्य क्रियापदासाठी शेवटपर्यंत थांबावे लागत नाही.

मेळघाट व लगतच्या भागातील भाषा

कोरकू

अमरावती जिल्ह्यातील धारणी व चिखलदरा हे तालुके मेळघाट म्हणून ओळखले जातात. येथील कोरकू समाजाची भाषा कोरकू ही मुंडा गटातील सर्वांत पश्चिमेकडील भाषा आहे. मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर आदी जिल्ह्यांतही ती बोलली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार कोरकू भाषकांची संख्या सुमारे ७.२७ लाख होती. नॉर्मन झाइड व के. एस. नागराज यांनी या भाषेचा अभ्यास केला आहे.

कोरकूचा क्रम कर्ता-कर्म-क्रियापद असा असून संबंधदर्शक प्रत्यय नामानंतर येतात. तिच्याच ऑस्ट्रो-आशियाई कुळातील ख्मेर, व्हिएतनामी आणि मेघालयातील खासी या भाषांत मात्र क्रियापद कर्मापूर्वी येते. मुंडा भाषांचा क्रम असा वेगळा का, यावर मतभेद आहेत. भारतीय-आर्य व द्राविड भाषांच्या दीर्घ सहवासामुळे तो बदलला, असे एक मत आहे. पॅट्रिशिया डोनेगन व डेव्हिड स्टॅम्प यांनी १९८३ मध्ये उच्चारातील लयीच्या बदलाशी त्याचा संबंध जोडला.

कोरकूत पुल्लिंग-स्त्रीलिंग असा व्याकरणिक भेद नसून प्राणिवाचक व अप्राणिवाचक असा भेद आहे. एकवचन व अनेकवचनाखेरीज द्विवचनही आहे. प्राणिवाचक कर्माची खूण क्रियापदाच्या रूपातच येऊ शकते. त्यामुळे मराठी शिकणाऱ्या कोरकू भाषक मुलाला वाक्याचा साचा परका नसतो. ‘आला’, ‘आली’, ‘आले’ यांसारखी लिंगानुसार बदलणारी रूपे मात्र त्याच्या मातृभाषेत नसतात. अशा मुलाच्या मराठी वाक्यात क्रम बरोबर व रूप चुकीचे असेल, तर ती चूक समजेच्या अभावाची नसून दोन व्याकरणांतील भेदाची असते.

निहाली, कोलामी व गोंडी

निहाली ही भाषा बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुका व लगतच्या मध्य प्रदेशात सुमारे दोन-अडीच हजार लोक बोलतात. तिच्यात कोरकू व मराठीतून आलेले शब्द मोठ्या प्रमाणावर आहेत, परंतु मूळ शब्दसंपत्तीचा संबंध कोणत्याही कुळाशी निर्विवादपणे जोडता आलेला नाही. डच अभ्यासक एफ. बी. जे. कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोलामी प्रामुख्याने यवतमाळ जिल्ह्यात व त्याच्या आसपास बोलली जाते. एम. बी. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. निहाली, कोलामी व गोंडी या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते.

भाषिक क्षेत्र

एमेनो यांनी १९५६ मध्ये ‘भारत एक भाषिक क्षेत्र’ ही कल्पना मांडली. निरनिराळ्या कुळांतील भाषा दीर्घकाळ शेजारी नांदल्यास त्यांच्या रचनेत साम्य येते, असा तिचा आशय आहे. कॉलिन मसिका यांनी १९७६ मधील ग्रंथात शब्दक्रमासह अनेक वैशिष्ट्यांचा भौगोलिक विस्तार तपासला. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये मराठीच्या जडणघडणीत द्राविड भाषकांशी झालेल्या संपर्काचा मोठा वाटा असल्याचा सिद्धान्त मांडला. तो सर्वमान्य झालेला नाही. शब्द उसने घेतलेले लगेच ओळखू येतात, क्रम उसना घेतलेला ओळखणे अवघड असते. म्हणून केवळ क्रमातील साम्यावरून भाषांचे नाते ठरवता येत नाही.

इतर भाषांशी तुलना

मराठीत ‘घरात साप आहे’ व ‘साप घरात आहे’ यांत दिसणारा भेद चिनी भाषेत क्रियापदाच्या जागेने दाखवता येतो. ‘पाहुणे आले’ या अर्थाच्या वाक्यात पाहुणे हा शब्द क्रियापदापूर्वी आल्यास अपेक्षित पाहुणे व नंतर आल्यास अनपेक्षित पाहुणे असा अर्थ होतो.

रशियन भाषेत संख्या आधी व नाम नंतर आल्यास नेमकी संख्या कळते. हा क्रम उलटल्यास ‘सुमारे’ असा अर्थ येतो. मराठीत असाच अर्थ ‘एक’ हा शब्द संख्येच्या मागे जोडून मिळतो, जसे ‘शंभरएक माणसे’, ‘दहाएक दिवस’.

फ्रेंच भाषेत ‘ग्रां’ हे विशेषण ‘माणूस’ या अर्थाच्या नामापूर्वी आल्यास ‘थोर’ व नंतर आल्यास ‘उंच’ असा अर्थ होतो. जर्मन भाषेत मुख्य विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी, तर गौण वाक्यात ते सामान्यतः शेवटी येते. त्यामुळे क्रियापदाच्या जागेवरून वाक्य मुख्य की गौण हे कळते.

व्यवहारातील महत्त्व

कायदे, शासकीय आदेश, योजनांच्या सूचना व औषधांवरील मजकूर यांत शब्दाची जागा चुकल्यास हक्क व कर्तव्ये यांचा अर्थ बदलतो. उदाहरणार्थ, ‘फक्त कोरडवाहू शेतकऱ्यांना बियाणे अनुदानावर मिळेल’ या वाक्यातून बागायतदार वगळले जातात. ‘कोरडवाहू शेतकऱ्यांना फक्त बियाणे अनुदानावर मिळेल’ या वाक्यातून खते व अवजारे वगळली जातात. ‘कोरडवाहू शेतकऱ्यांना बियाणे फक्त अनुदानावर मिळेल’ या वाक्यातून अन्य मार्गाने मिळणारे बियाणे वगळले जाते. तिन्ही वाक्यांतील शब्द तेच आहेत, परंतु लाभार्थी व लाभ बदलतात.

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना क्रियापद शेवटी न्यावे लागते. मूळ वाक्य लांब असल्यास कर्ता आणि क्रियापद यांत मोठे अंतर पडते व वाक्य दुर्बोध होते. अशा वेळी एका वाक्याची दोन-तीन वाक्ये करणे हा प्रचलित उपाय आहे. यांत्रिक भाषांतरातही क्रमाची पुनर्रचना हा महत्त्वाचा प्रश्न आहे. विशेषतः ‘च’, ‘फक्त’ व नकार यांचा अंमल अचूक न उतरल्यास वाक्य व्याकरणशुद्ध असूनही अर्थ बदलू शकतो. न्यायालयीन जबाब, रुग्णाने सांगितलेली लक्षणे किंवा शाळेतील उत्तरे वऱ्हाडीतून प्रमाण मराठीत लिहून घेताना ‘जेवून रायला’ यांसारख्या रचनांकडे लक्ष देणे आवश्यक असते. त्यांचे शब्दशः प्रमाणीकरण केल्यास चालू असलेली क्रिया संपलेली ठरण्याची शक्यता असते.

हे सुद्धा पहा

वऱ्हाडी बोली
कोरकू भाषा
निहाली भाषा
मराठी व्याकरण
लीळाचरित्र
मेळघाट